नवी फाईल, जुनं सॉफ्टवेअर: रस्त्याचं ड्रॉइंग मागे का जात नाही

मागच्या भागाखाली इंदूरच्या एका तरुण इंजिनिअरने प्रश्न विचारला होता. तो असा: ‘सर, मी सिव्हिल थ्रीडीच्या नव्या आवृत्तीत रस्त्याचं डिझाइन केलं. समोरच्याकडे जुनी आवृत्ती आहे म्हणून फाईल जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून पाठवली. फाईल उघडते, पण त्यात ना रस्ता दिसतो ना कॉन्टूर. फाईल करप्ट झाली का?’

नाही, करप्ट झालेली नाही. तो ज्या गोष्टीला ‘जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करणं’ म्हणतो आहे, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली एकच त्याने केली आहे. आजचा भाग या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

आधी शब्द नीट लावून घेऊ. नवं सॉफ्टवेअर जुनी फाईल वाचू शकतं, याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. जुन्या सॉफ्टवेअरने नवी फाईल वाचणं ही उलट दिशा झाली, तिला फॉरवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. बोलताना आपण दोन्हीला एकच नाव देतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिली गोष्ट बहुतेक कंपन्या सांभाळतात, कारण नवी आवृत्ती विकायची तर गिऱ्हाईकाची जुनी कामं त्यात उघडायलाच हवीत. दुसरी सांभाळण्यात कंपनीचा काहीच फायदा नाही. शिवाय ती तांत्रिकदृष्ट्याही अवघड आहे: २०१० साली लिहिलेल्या प्रोग्रॅमला २०१८ साली शोधलेली वस्तू कशी ओळखता येणार?

आता डीडब्ल्यूजी फाईलकडे वळू. ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आलं आणि तेव्हापासून त्याच्या फाईलचं अंतर्गत रूप अनेकदा बदललं. हे रूप ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कोणतीही डीडब्ल्यूजी फाईल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण अगदी पहिली सहा अक्षरं वाचता येतील. ‘एसी’ आणि पुढे चार आकडे. १०१५ असेल तर ऑटोकॅड २००० चं रूप, १०१८ म्हणजे २००४ चं, १०२१ म्हणजे २००७ चं, १०२४ म्हणजे २०१० चं, १०२७ म्हणजे २०१३ चं आणि १०३२ म्हणजे २०१८ चं. वाचून झालं की नोटपॅड बंद करा आणि ‘सेव्ह करायचं का’ असं विचारलं तर ठामपणे नाही म्हणा. नोटपॅडमधून सेव्ह केलेलं ड्रॉइंग पुन्हा उभं राहत नाही.

या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येईल. २००० पासून २०१२ पर्यंत दर तीन आवृत्त्यांनी रूप बदलत गेलं. २०१३ चं रूप पाच आवृत्त्या टिकलं. २०१८ चं रूप तर २०२५ च्या आवृत्तीतही तेच आहे. म्हणजे वरवर पाहता परिस्थिती सुधारली आहे. ऑटोकॅडच्या ‘सेव्ह अ‍ॅज’ मध्ये २०१३, २०१०, २००७ असे मागे जायचे पर्याय असतात. ज्याच्याकडे ऑटोकॅड नाही त्याला डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हे मोफत साधन मिळतं, तेही रूप बदलून देतं. इमारतीचा साधा प्लॅन, म्हणजे रेषा, कमानी, मजकूर, मापं, एवढंच असेल तर काम इथे संपलं. आमच्या इंदूरच्या मित्राने केलं ते एवढंच.

पण सिव्हिल थ्रीडीमधला रस्ता रेषांचा बनलेला नसतो.

हे जरा थांबून समजून घेऊ, कारण वर्षानुवर्षं हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही ते कोणी सांगितलेलं नसतं. साध्या ऑटोकॅडमध्ये तुम्ही रस्त्याची मध्यरेषा काढली तर ती एक रेष आहे. सिव्हिल थ्रीडीमध्ये ती ‘अलाइनमेंट’ असते. तिला आपण कुठून सुरू झालो, कोणत्या चेनेजवर सरळ भाग संपून ट्रान्झिशन कर्व्ह लागला, त्याची लांबी किती, पुढच्या वर्तुळाची त्रिज्या किती, हे सगळं ठाऊक असतं. जमीन ही नुसती कॉन्टूरची जाळी नसून ‘सर्फेस’ असते: सर्व्हेच्या बिंदूंमधून विणलेल्या त्रिकोणांचं कापड. मध्यरेषा त्या कापडावर टाकली की जमिनीचा उभा छेद आपोआप मिळतो. त्यावर तुम्ही रस्त्याची लेव्हल ठरवता. मग आडव्या छेदाचा साचा त्या रेषेवरून चालवला की ‘कॉरिडॉर’ तयार होतो, आणि कॉरिडॉर व जमीन यांच्यातल्या फरकातून भराव आणि खोदाईचे घनमीटर निघतात. सगळ्या वस्तू एकमेकींना बांधलेल्या आहेत. सर्व्हेअरने एक चुकलेला बिंदू दुरुस्त केला की ती दुरुस्ती पार बिलाच्या आकड्यापर्यंत पोचते.

या वस्तू डीडब्ल्यूजीच्या डब्यात ठेवलेल्या असतात खऱ्या, पण त्या डीडब्ल्यूजीच्या स्वतःच्या नव्हेत. सिव्हिल थ्रीडीने त्या आणून ठेवल्या आहेत आणि त्यांची आवृत्ती वेगळी चालते. म्हणून डबा जुन्या मापाचा केला तरी आतली वस्तू नवीच राहते. जुन्या प्रोग्रॅमला डबा उघडता येतो, वस्तू ओळखता येत नाही. अशा न ओळखलेल्या वस्तूला ऑटोकॅड ‘प्रॉक्सी’ म्हणतं. सेव्ह करताना ‘प्रॉक्सीग्राफिक्स’ हा सिस्टिम व्हेरिएबल १ वर असेल तर त्या वस्तूचं चित्र सोबत जातं. मग समोरच्याला रस्ता दिसतो, पण हलवता येत नाही आणि त्याला काही विचारताही येत नाही. तो ० वर असेल तर रिकामी चौकट दिसते किंवा काहीच दिसत नाही. इंदूरच्या फाईलमध्ये बहुधा हेच झालं आहे. समोर साधं ऑटोकॅड असेल तर ऑटोडेस्कचं ‘ऑब्जेक्ट एनेबलर’ हे मोफत पूरक साधन घालून वस्तू दिसू लागतात, पण तेही त्या-त्या आवृत्तीपुरतंच.

आपल्याकडे हे नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महालात मोडीतले कागद व्यवस्थित आहेत. शाई आहे, कागद आहे, अक्षर आहे. बाळबोध वाचणाऱ्याला मात्र ती फक्त नक्षी दिसते. प्रॉक्सी म्हणजे तशी नक्षी.

मग उपाय काय? प्रचलित उपाय आहे ‘एक्सपोर्ट टू ऑटोकॅड’. ही आज्ञा सगळ्या हुशार वस्तू फोडून त्यांच्या साध्या रेषा, पॉलिलाइन, त्रिकोणी पृष्ठं आणि मजकूर करते. समोरच्याला सगळं दिसतं आणि तो खूष होतो. माझं मत विचाराल तर रस्त्याच्या कामात सगळ्यात जास्त भांडणं याच खुशीतून निघतात, कारण चित्र जसंच्या तसं दिसतं आणि अर्थ गेलेला असतो.

तो कसा जातो, ते पाहा. ट्रान्झिशन कर्व्ह म्हणजे त्रिज्या हळूहळू बदलत जाणारा क्लोथॉइड. साध्या ऑटोकॅडमध्ये क्लोथॉइड नावाची वस्तूच नाही. तेव्हा त्याचे बारीक सरळ तुकडे होतात. चेनेजचे आकडे नुसता मजकूर होतात. उद्या कोणी रेष दोन मीटर सरकवली तरी ‘१+२४०’ हा आकडा जागेवर बसून राहतो, आणि त्याच्याकडे पाहून कोणालाही शंका येणार नाही.

उभ्या वक्राचं गणित करूनच दाखवतो. समजा दोन चढांमधला फरक ४ टक्के आहे आणि वक्राची लांबी २०० मीटर. हा वक्र पॅराबोला असतो. दर २० मीटरला लेव्हल घेऊन सरळ रेषेने जोडलं तर मध्यावर खऱ्या वक्राशी फरक पडतो १ सेंटिमीटर. चालून जाईल. दर ५० मीटरला घेतलं तर तोच फरक सव्वासहा सेंटिमीटर होतो. अंतर अडीचपट, चूक सव्वासहापट, कारण चूक अंतराच्या वर्गाने वाढते. सरासरी काढली तर त्या २०० मीटरमध्ये सुमारे ४ सेंटिमीटर. रस्ता १० मीटर रुंद धरला तर एका वक्रामागे ८३ घनमीटर माती, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या आठ खेपा. शिखरावरच्या वक्रात माती कमी दिसते, खोलगट वक्रात जास्त, त्यामुळे लांब रस्त्यावर काही भाग एकमेकांत वजा होतो, हे खरं. पण खोदाईचा दर वेगळा, भरावाचा वेगळा आणि माती आणण्याचा आणखी वेगळा. तिथे वजाबाकी चालत नाही.

हे पुस्तकी उदाहरण नाही. माझ्या ओळखीचा विदर्भातला एक सर्व्हेअर आहे. एक संगणक, एक टोटल स्टेशन आणि दोन मुलं हाताखाली, एवढाच त्याचा धंदा. सॉफ्टवेअर जुनं, एकदाच पैसे भरून कायमचं घेतलेलं. त्याला एका कामाची नवी फाईल आली. उघडली तर चौकटी. सल्लागार कंपनीला फोन केला तर त्यांनी जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून पाठवली, पुन्हा चौकटी. शेवटी त्याने पीडीएफवरून दर ५० मीटरला लेव्हल वाचून एल-सेक्शन नव्याने काढला. मोजमापाच्या वेळी त्याचे घनमीटर आणि कंपनीच्या कॉरिडॉरमधले घनमीटर जुळले नाहीत. ठेकेदाराचं बिल अडकलं, ठेकेदाराने याचे पैसे अडकवले. कोणी लबाडी केली नव्हती. तिघांच्या टेबलावर एकाच रस्त्याची तीन वेगळी रूपं होती, एवढंच.

‘मग त्याने नवं सॉफ्टवेअर घ्यावं,’ असं सहज म्हटलं जातं. ऑटोडेस्कने बहुतेक सुट्या उत्पादनांचे कायमचे परवाने विकणं जानेवारी २०१६ अखेर थांबवलं. आता दरवर्षी वर्गणी भरायची. आणि वर्गणीतून मिळतात त्या चालू आणि तिच्या आधीच्या तीन आवृत्त्या. म्हणजे ज्याच्याकडे नवं आहे त्यालाही जुन्या माणसासाठी फार मागे उतरता येत नाही, कारण शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतलेल्या आहेत. मोठ्या कंपनीला हे परवडतं. तालुक्याच्या गावातल्या एकट्या माणसाला दरसालची वर्गणी म्हणजे कामगाराचा पगार.

सर्फेसचं प्रकरण तर याहून नाजूक आहे, आणि तिथे प्रश्न पैशांपेक्षा पाण्याचा असतो. त्रिकोण विणताना सॉफ्टवेअर जवळचे बिंदू जोडतं. नाल्याचा काठ किंवा बांधाचा माथा दाखवायला आपण ‘ब्रेकलाइन’ देतो: या रेषेला ओलांडून त्रिकोण विणू नकोस, अशी आज्ञा. समोरच्याने फक्त बिंदू घेऊन पुन्हा सर्फेस बनवला तर ब्रेकलाइन नाहीत. एका काठावरचा बिंदू पलीकडच्या काठावरच्या बिंदूला जोडला जातो आणि कागदावर नाला बुजतो. बांधाच्या बाबतीत उलट, माथ्याला खिंड पडते. कोणी कॉन्टूरवरून सर्फेस बनवतो, तर डोंगराच्या धारेवर आणि ओढ्याच्या तळाशी सपाट त्रिकोण येतात, कारण एकाच कॉन्टूरचे तीन बिंदू एकमेकांना जोडले जातात. मग मोरी कुठे घ्यायची, तिच्या तळाची लेव्हल काय ठेवायची, हे त्या खोट्या जमिनीवरून ठरतं. ड्रॉइंगमध्ये नाला बुजला म्हणून पावसाळ्यात पाणी यायचं थांबत नाही.

यावर माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग लँडएक्सएमएल. हा साध्या मजकुरात लिहिलेला विनिमयाचा नमुना आहे. २००८ मधली १.२ ही त्याची आवृत्ती आजही सर्रास चालते. तो जुना आहे आणि बदलत नाही, हाच त्याचा गुण. त्यात अलाइनमेंट सरळ, वर्तुळ आणि स्पायरल अशीच लिहिली जाते, तुकडे होत नाहीत. उभा वक्र पॅराबोला म्हणूनच जातो. सर्फेसचे बिंदू आणि त्रिकोण दोन्ही जातात, म्हणजे समोरच्याला पुन्हा विणायची गरज उरत नाही. पाइपचं जाळंही जातं. न जाणाऱ्या गोष्टी: लेबलं, रंगरूप, कॉरिडॉरचा साचा आणि वस्तूंमधले जिवंत दुवे. सर्फेस बदलला तर उभा छेद आता आपणहून बदलणार नाही. तेवढं मान्य करून चालावं लागतं. शिवाय तो दुसऱ्या कंपन्यांच्या रस्ता-डिझाइन सॉफ्टवेअरमध्येही उघडतो.

लँडएक्सएमएल आली की लगेच काम सुरू करू नका. दोन्हीकडची माणसं फोनवर बसा आणि जुळवा: अलाइनमेंटची एकूण लांबी, सुरुवातीचे आणि शेवटचे कोऑर्डिनेट, सर्फेसची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त लेव्हल, त्रिकोणांची संख्या, आणि मनाला येतील त्या आठ-दहा चेनेजवरच्या लेव्हल. त्यातल्या दोन तरी उभ्या वक्राच्या मध्यावरच्या घ्या. कोऑर्डिनेट कोणत्या पद्धतीतले हेही लेखी मागा. यूटीएमचा ४३ आणि ४४ झोन यांची सीमा ७८ रेखांशावर आहे. पुणे, बेळगाव, बडोदा, इंदूर ४३ मध्ये. नागपूर, हैदराबाद आणि ग्वाल्हेर ४४ मध्ये. विदर्भातून जाणाऱ्या लांब रस्त्याला ही रेषा मध्येच कापू शकते.

आता प्रकल्पाच्या शिस्तीबद्दल. फौजेत काफिला निघतो तेव्हा वेग सगळ्यात हळू गाडीचा धरतात. दहा गाड्यांमधली एक जुनी असेल तर बाकीच्या नऊ तिच्या चालीने जातात, नाहीतर काफिला तुटतो. प्रकल्पातही सुरुवातीलाच आवृत्ती ठरवून ती करारात लिहायला हवी: अमुक सॉफ्टवेअर, अमुक आवृत्ती, काम संपेपर्यंत हीच. कारण नेहमी घडणारा अपघात असा: ऑफिसमधल्या एका उत्साही मुलाच्या संगणकावर नवी आवृत्ती येते. तो सामायिक फाईल उघडतो, एक रेष हलवतो, सेव्ह करतो. त्या क्षणी आतल्या वस्तू नव्या आवृत्तीच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांना चौकटी दिसतात. रेव्हिटमध्ये तर हे आणखी कडक आहे. तिथे जुन्या आवृत्तीत सेव्ह करायची सोयच नाही, एकदा वर गेलेली फाईल खाली येत नाही.

हे फक्त छोट्या ऑफिसांत होतं असं समजू नका. एअरबसच्या ए-३८० विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायर आहे. हॅम्बुर्गमधले इंजिनिअर कॅटिया या सॉफ्टवेअरची चौथी पिढी वापरत होते, तूलूझमधले पाचवी. हॅम्बुर्गहून वायरिंगचे तयार जुडगे तूलूझला आले आणि विमानात बसेनात. २००६ मध्ये विमानांच्या ताब्याची वेळापत्रकं पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली आणि कंपनीच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. कारणं आणखीही होती, पण हे त्यातलं मोठं.

फाईल उघडणं आणि उत्तर तेच येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगायला हवं. स्टॅड प्रोची इनपुट फाईल साधा मजकूर असते. वीस वर्षांपूर्वीची फाईलही आज नोटपॅडमध्ये वाचता येते, आणि मला ती पद्धत फार आवडते. पण त्या फाईलमधल्या भूकंपभाराच्या ओळी आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीप्रमाणे असतील आणि तो कोड २०१६ मध्ये सुधारला गेला. पोलादाचा आयएस ८०० तर १९८४ हून २००७ ला येताना मुळापासून बदलला. तेव्हा जुनी फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये बिनतक्रार चालली म्हणून समाधान मानू नका. आत कोणता कोड बोलावला आहे ते वाचा.

राहिला प्रश्न जतन करण्याचा. मोठ्या पुलाचं आयुष्य शंभर वर्षं धरून डिझाइन होतं आणि सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं. काम संपल्यावर एक मूळ डीडब्ल्यूजी देऊन मोकळं होणं म्हणजे पुढच्या इंजिनिअरला कुलूप देऊन किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं. मी चार गोष्टी मागतो: मूळ फाईल, तिच्यासोबत आवृत्तीचं नाव लिहिलेला कागद, लँडएक्सएमएल, फोडलेली साधी डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफ, आणि पीडीएफ-ए या जतनासाठीच्या रूपातले सही केलेले नकाशे. रस्ते आणि पुलांसाठी आयएफसी ४.३ हा खुला नमुना २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला आहे, पण आपल्याकडच्या रोजच्या कामात तो रुळायला वेळ आहे. तोवर या चार गोष्टी पुरतात. वाद झाला तर सही केलेला कागदच प्रमाण, हे करारात असू द्या.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. ड्रॉइंगवर मराठीत किंवा हिंदीत टीपा लिहिणारी कार्यालयं बरीच आहेत. २००७ च्या रूपापासून डीडब्ल्यूजीमध्ये मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो. त्याआधीची ड्रॉइंग बहुतेक जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, जिथे रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर ‘मोरीच्या तळाची पातळी’ या टिपेऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाईल देताना ‘ई-ट्रान्समिट’ वापरून फॉन्ट सोबत जोडा. फॉन्ट जोडण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, तो निवडलाय का ते पाहा. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टवर देवनागरीसाठी अवलंबून राहू नका. आणि लेव्हलचे आकडे त्या मजकुराच्या आत लिहू नका, वेगळे लिहा. म्हणजे अक्षरं गेली तरी आकडा वाचता येईल.

इंदूरच्या मित्राला: प्रॉक्सीग्राफिक्स तपासा, समोरच्याला लँडएक्सएमएल पाठवा आणि फोनवर त्या दहा चेनेजच्या लेव्हल जुळवा. जुळल्या नाहीत तर खाली प्रतिक्रियेत कोणत्या चेनेजला किती फरक आला ते लिहा, आपण पाहू.